रुवीत वारलेली आई

ज्युलियस बनियनवर, पोटावर पेपर उपडा टाकून झोपला होता, तेव्हा फोन वाजला. दुपारची वेळ होती. मस्कतच्या रुवी बाजारात दुपारी एकाला शटरं खाली येतात ती चारलाच वर जातात. सोन्याची दुकानं झोपतात, साड्यांची झोपतात, बॅगांची झोपतात, आणि त्या दुकानांच्या वरच्या मजल्यांवर भाड्यानं राहणारी आपली माणसंही झोपतात, मग ती वसईची असोत, रत्नागिरीची असोत की केरळची. अशा वेळी फोन वाजला तर तो राँग नंबर असतो, नाहीतर गावाहून असतो.

गावाहूनच होता. धाकटा भाऊ स्टॅन्ली वसईच्या बूथवरून बोलत होता.

"आईला जरा बरं नाही रे. मिळेल त्या विमानानं ये."

"काय झालंय?"

"काही नाही. अशक्तपणा. तू ये म्हणजे झालं."

"स्टॅन्ली, खरं सांग."

"खरंच सांगतोय. इथे मीटर पळतंय, ठेवतो."

ज्युलियसनं रिसीव्हर ठेवला आणि बायकोकडं पाहिलं. फ्लॉरेन्स उठून बसली होती. पदराचा बोळा तोंडात धरून ती रडायलाच लागली.

तिचं काही चुकलं नाही. आखातातल्या माणसाला घरचं मरण फोनवर सांगायचं नाही, हा आपल्या लोकांनीच केलेला कायदा आहे आणि तो कुठल्याही सरकारच्या कायद्यापेक्षा कडक पाळला जातो. बाप गेला की बापाला ताप येतो. बहीण गेली की बहिणीच्या पोटात दुखतं. खालच्या मजल्यावरच्या बाबामियाँला 'अब्बांना सर्दी आहे, येऊन जा' असं कळवलं होतं. तो बिचारा खोका भरून बाम घेऊन निघाला. गुहागरला पोचला तेव्हा अंगणात तिसऱ्या दिवसाच्या फातेह्याच्या पंगती उठत होत्या. लोकांनी त्याला जेवायला बसवलं आणि बाम वाटून घेतला. सांगणाऱ्याला वाटतं, आपण दया करतो. ऐकणारा विमानात तीन तास स्वतःशीच खोटं बोलत बसतो. आणि कुणी शहाणा हा प्रकार बंद करत नाही, कारण पुढचा फोन आपल्याला यायचा आहे हे प्रत्येकाला ठाऊक असतं.

दहा वर्षांची जोआन दारात उभी होती. इंग्लिश शाळेत शिकणारी पोर, मराठी बोलायची म्हणजे दगडावरून चालल्यासारखी. ती म्हणाली, "डॅडी, मग परत रिंग करा ना. बाजूवाल्यांकडे. आस्क करा, आजी सिक आहे का डेड आहे."

"गप बस," फ्लॉरेन्स म्हणाली. "असं विचारतात का कुणाला?"

"पण व्हाय नॉट?"

फ्लॉरेन्सनं तिला अभ्यासाला बसवलं.

ज्युलियस खिडकीशी जाऊन उभा राहिला. खाली हाय स्ट्रीट उन्हात पांढरी पडली होती. त्याला एकच गोष्ट आठवत होती. आईला हा बाजार बघायचा होता. दर सुट्टीत ती विचारायची. खरंच का रे, तिथे दुकानं दुपारची झोपतात? मालक कुलूप न लावता नमाजाला जातो ते खरं का? मना एकदा दाखव. तो म्हणायचा, पुढच्या वर्षी. व्हिसा काढायला अर्बाबची सही लागायची, आणि अर्बाब म्हणजे मालक, स्पॉन्सर, पासपोर्ट ज्याच्या कपाटात असतो तो माणूस. त्याच्याकडे सही मागायला ज्युलियसला दरवर्षी लाज वाटायची. सासू-सासरे येऊन गेले, कारण फ्लॉरेन्सनं घर डोक्यावर घेतलं होतं. आईनं घर डोक्यावर घेतलं नाही. न मागणाऱ्याला पुढचं वर्ष मिळतं, हा जगाचा नियम आहे.

चार वाजायच्या आत बिल्डिंग गोळा झाली. सगळ्यांत आधी कासम आला. कासमचं खालीच कापडाचं दुकान, माणूस रत्नागिरीचा, बारा घरच्या सुखदुःखांत पहिला पाय त्याचा. त्यानं ज्युलियसला मिठी मारली आणि मग विचारलं, "काय झाला?"

"आईला बरं नाही म्हणतात."

कासमनं डोळे मिटले. "इन्ना लिल्लाहि," मरण ऐकलं की म्हणतात ते तो पुटपुटला. "कधी?"

"कधी ते नाही सांगितलं."

"सांगत नाहीत रे. बरफात ठेवला असंल तुझ्यासाठी. तू आता रडू नको. आधी पासपोर्ट काढ."

पासपोर्ट होता कंपनीच्या ऑफिसात. ऑफिस रुवीतच, एसीचे सुटे भाग विकणारी छोटी कंपनी. मॅनेजर राजीव, नागपूरचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि दार लोटून घेतलं.

"हे बघ, आई आजारी म्हणशील तर रजा मिळत नाही. अर्बाब म्हणेल, तिकडे डॉक्टर आहे, तो तिचं बघेल, तू इथे स्टॉकचं बघ. गेली म्हण. आजच्या आज पासपोर्ट देईल. मनानं चांगला आहे म्हातारा."

"पण राजीवसाहेब, नक्की कळलेलं नाही."

"ज्युलियस, तुला इथे किती वर्षं झाली? असा फोन आल्यावर कुणाची आई उठून बसलेली पाहिलीस?"

ज्युलियसनं पाहिली नव्हती.

आत अर्बाब पायघोळ दिशदाशा नीट करत खुर्चीत बसत होता. साठी उलटलेला, मुंबईशी जुना व्यापार, हिंदी आपल्यासारखीच बोलायचा. राजीव काही बोलायच्या आधीच ज्युलियसचा चेहरा बघून तो उठला.

"क्या हुआ? अम्मा?"

ज्युलियसनं मान हलवली.

एवढंच. तोंडातून शब्द काढला नाही. पुढं आयुष्यभर तो फ्लॉरेन्सला हेच सांगत आला, की मी खोटं बोललो नाही, फक्त मान हलवली. जणू माणसाची मान दुसऱ्या कुणाच्या मालकीची असते.

अर्बाबचे डोळे भरून आले. त्यानं स्वतः कपाट उघडलं, पासपोर्ट काढला, ज्युलियसच्या हातात ठेवला आणि तो हात दोन्ही हातांत धरून ठेवला. "माँ एक ही मिलती है," तो म्हणाला. "जाओ. दफन के पहले पहुँचो. काम का मत सोचो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं विमान मिळालं. आता तुम्हाला वाटेल, आई गेलेला माणूस घरी बसून रडला असेल. रुवीत राहणाऱ्या माणसाला ती सवड नसते. रुवीत दुःखसुद्धा खरेदीला निघतं. कासमनं भर दुपारी, सगळा बाजार झोपलेला असताना, स्वतःच्या दुकानाचं शटर अर्धं वर केलं. रुवीत दुपारी शटर उचलणं ही साधी गोष्ट नव्हे, सख्ख्या भावासाठीसुद्धा लोक उचलत नाहीत. दोघं वाकून आत शिरले.

"साटीन देतंय," कासम म्हणाला. "पेटीत लावायला. जपानी हाय. तुमच्या वसईत बघतात ना लोक पेटीच्या आत?"

बघतात. गल्फवाल्याच्या घरचं मयत असलं की गावातल्या बायका आधी मेलेल्या माणसाचं तोंड बघतात आणि मग अस्तराला बोट लावून बघतात. ज्युलियसनं मान खाली घातली.

"उंची काय आईची?"

ज्युलियसनं हात वर केला. कानाजवळ नेला. मग खांद्याजवळ आणला. मग पुन्हा कानाजवळ. ज्या बाईच्या कमरेला धरून तो चर्चला गेला होता, तिची उंची त्याला सांगता येईना.

"ऱ्हावदे," कासम हळूच म्हणाला. "मी जास्तच कापतंय."

साटीन झालं, लेस झाली, मेणबत्त्या झाल्या, काळा कोट झाला. मग फ्लॉरेन्सची यादी. "रिकाम्या हातानं मयताला जाणार का? स्टॅन्लीच्या पोरांना चॉकलेट नको? त्याच्या बायकोला सेंट नको? लोक काय म्हणतील?" मग बिल्डिंग आली. एकेक जण दारात उभा राही, चेहरा पाडून ज्युलियसचा हात धरी, दोन मिनिटं गप्प राही, आणि मग काखेतली पिशवी पुढं करी. "जातोच आहेस तर एवढं विरारला दे. हलकंच आहे." मयताच्या माणसाला नाही म्हणता येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बाबामियाँनं तर मिक्सर आणला. "दुखात हाय, माहीत हाय मना," तो म्हणाला, "पन मुंबईत माझा भाचा उतरून घेल."

मस्कतच्या सीब विमानतळावर वजन भरलं तेव्हा काट्यावरच्या माणसानं विचारलं, "शादी है क्या?"

काळा कोट घालून, घामानं भिजून, रिक्षात गुडघ्यांवर मिक्सर घेऊन ज्युलियस सकाळी वसईत घराकडे वळला. बाबामियाँचा भाचा आलाच नव्हता. अंगणात मांडव नव्हता. खुर्च्या नव्हत्या. उरकलं वाटतं, थांबले नाहीत.

ओट्यावर आई बसली होती. सुपात सुके बोंबील घेऊन त्यांची डोकी मोडत होती.

"आलास?" ती म्हणाली. "विमानात खायला दिला काय?"

ज्युलियसच्या हातातून मिक्सर पडला. तो ओट्यावर बसला आणि लहान मुलासारखा ओरडून रडला. शेजारीपाजारी धावत आले. कोट घातलेला मोठा माणूस धडधाकट आईच्या मांडीवर डोकं ठेवून 'आई गेली' म्हणत रडतो आहे, हे बघून त्यांची आधी करमणूक झाली आणि मग एकेकाला कळलं तशी ती थांबली.

स्टॅन्ली गोठ्यामागून आला. "मी सांगितलं होतं ना, बरं नाही म्हणून. काय चुकीचं सांगितलं? ताप होता तिला."

"ताप? तापासाठी असा फोन करतात?"

"तिनंच करायला लावला."

ज्युलियसनं आईकडे पाहिलं. ती बोंबील मोडत राहिली.

"सगळ्यांची पोरं येतात तसा फोन गेला की," ती म्हणाली. "परेराबाईचा पोरगा आला. त्या कोपऱ्यावरच्या म्हातारीचा आला. पन त्या दोघींनी कुठे बघितला? बरफावर पडल्यावर येऊन काय करायचा? मी म्हटला, तसाच फोन कर. पन मी बसलेली असताना येवदे."

ज्युलियसनं काळा कोट काढून बाजूला ठेवला.

दुपारी बॅगा उघडल्या. स्टॅन्लीच्या पोरांची चॉकलेटं निघाली, त्याच्या बायकोचं सेंट निघालं, विरारच्या पिशव्या निघाल्या. आई शेजारी बसून बघत होती. सगळं संपल्यावर तिनं विचारलं, "आनि मना?"

तळाला साटीन होतं. ज्युलियस बॅग बंद करायला गेला, पण तिनं आधीच हात घातला होता. पांढरं, मऊ, गार कापड तिच्या काळ्या खरबरीत बोटांना अडकत होतं. स्टॅन्ली बाहेर निघून गेला. म्हातारीनं आयुष्यात शेकडो मयतं बघितली होती. तिनं कापड उलगडलं, लेस बघितली, ज्युलियसकडं बघितलं आणि तिला हसू आलं.

"लाजू नको," ती म्हणाली. "चांगला हाय. एवढी वर्सं गेलास, पन मना म्हणून मोजून आणलेला हा पयलाच." तिनं ते ट्रंकेत ठेवलं. मग म्हणाली, "आता एक काम कर. हा घालायच्या आधी मना तुझी रुवी दाखव."

"दाखवतो."

"पुढच्या वर्षी नको."

"नाही. गेल्या गेल्या व्हिसा काढतो."

आणि हे त्यानं मनापासून सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा या माणसाला दुसरी संधी मिळाली होती, अशी संधी रुवीतल्या कुणालाच मिळालेली नव्हती. विमानात तो हसत होता. शेजारचा प्रवासी घाबरून खिडकीकडं सरकला.

रुवीत पोचल्यावर त्यानं बातमी सांगितली. माझी आई जिवंत आहे. कासमनं मिठी मारली, बाबामियाँनं मिक्सरची चौकशी केली, आणि बाकीची बिल्डिंग जरा नाराज झाली. चर्चमध्ये मृतात्म्यासाठी मिस्सा झाली होती, लोक काम सोडून गेले होते, गुडघे दुखेपर्यंत बसले होते. आता तो आत्मा वसईत बोंबील मोडतोय म्हटल्यावर त्यांना फसवल्यासारखं वाटलं. एक बाई तर फ्लॉरेन्सला म्हणाली, "आधी नीट चौकशी तरी करायची." फोनवर चौकशी करायची नाही हा नियम ज्यांनी केला, त्यांतलीच ती एक.

ऑफिसात राजीवनं दार लोटून घेतलं.

"तू अर्बाबला काही सांगू नकोस."

"सांगायला नको? आई जिवंत आहे, साहेब. चांगली बातमी आहे."

"चांगली तुझ्यासाठी. म्हाताऱ्यानं तुझ्या आईसाठी मशिदीत दुआ करवलीय. गरिबांना जेवण घातलंय तिच्या नावानं. आता जाऊन सांगतोस की ती मेलीच नव्हती? त्याच्या तोंडासमोर मान हलवलीस तू. उद्या तो म्हणेल, हे हिंदी लोक आईला मारून रजा काढतात. तुझं जाईल, माझं जाईल, आणि पुढच्या खरोखर आई गेलेल्या पोराला रजा मिळणार नाही. चार महिने थांब. मग बघू."

चार महिने थांबणं ही वाईट गोष्ट असते. खोटं ताजं असताना एका शब्दानं पुसता येतं. शिळं झालं की त्याला भिंतीसारखी मजबुती येते, मग त्यावर लोक खिळे ठोकून चित्रं लावतात.

तसंच झालं. एका शुक्रवारी संध्याकाळी अर्बाब स्वतः घरी आला, ओमानी हलव्याचा डबा आणि खजूर घेऊन. खाली गाडी लावताना कासमनं बघितलं आणि जिना चढून वर बातमी आणली. "तुझा अर्बाब येतंय. आईचा फोटो लाव. दिवा लाव समोर."

"जिवंत माणसाच्या फोटोपुढे दिवा?" फ्लॉरेन्स म्हणाली. "मी नाही लावणार. पाप लागेल."

"मग दिवा येशूला लाव आनि फोटो बाजूला ठेव, भाभी. उजेड कुनाचा कुनाला पडतो ते कोन बघतो?"

त्याप्रमाणे केलं. फोटो होता तो वसईत झालेल्या जोआनच्या पहिल्या कम्युनियनच्या वेळचा, आई त्यात खदखदून हसत होती. अर्बाब त्याच्यासमोर बराच वेळ उभा राहिला. "कितना नूर है चेहरे पर," तो म्हणाला. जोआन तोंड उघडत होती. फ्लॉरेन्सनं तिच्या तोंडात हलवा घातला.

हलवा खाताना अर्बाब स्वतःच्या आईबद्दल बोलला. ती गेली तेव्हा तो माल घ्यायला मुंबईला होता. त्याला तार आली होती, 'आई आजारी, ये'. एवढं सांगून त्यानं हलव्याचा डबा बाजूला सारला. तेव्हा ज्युलियसला कळलं की हा कायदा आपल्याच लोकांचा नाही. आणि हेही कळलं, की या माणसाला आता खरं सांगणं आपल्याला कधीच जमणार नाही.

वसईत मात्र आई तयारीला लागली होती. स्टॅन्लीला घेऊन तिनं फोटो काढले, अंगठे दिले, पोलिसांच्या चौकशीला बसली. आजूबाजूच्या घरांत वर्दी गेली, मी मस्कतला जातंय. आणि एक दिवस स्टॅन्लीचा फोन आला. "पासपोर्ट आला तिचा. उशाखाली घेऊन झोपते. व्हिसाचं कुठवर आलं?"

"चाललंय."

काही चाललं नव्हतं. व्हिसाला अर्बाबची सही हवी, आणि अर्बाबनं ज्या बाईच्या नावानं गरिबांना जेवण घातलं होतं तिच्याच व्हिसावर तो सही कशी करणार? ज्युलियस कासमच्या दुकानात जाऊन बसला. कासमनं डोकं लढवलं.

"माझ्या अर्बाबकडून काढू. माझी आई म्हणून लावू."

"तुझी आई? नाव फिलोमिना?"

"मग मावशी लाव."

"कासम, तुझी मावशी कॅथलिक कशी असेल?"

"प्रेमविवाह केला म्हण." मग त्यानंच हातातली कात्री खाली ठेवली. "नाय जमणार. माझा अर्बाब आनि तुझा अर्बाब जुम्म्याला एका मशिदीत असतात. बाहेर पडताना चप्पल शोधताना सगळा बोलतात." जरा वेळानं तो म्हणाला, "ज्युलियस, तू जाऊन सरळ सांग. जास्तीत जास्त काय करंल? ओरडंल. आई मोठी का नोकरी मोठी?"

"सांगतो," ज्युलियस म्हणाला. "रमजान होऊ दे."

रमजान झाला. ईद झाली. मग स्टॉक मोजायचा होता. मग जोआनची परीक्षा. मग अर्बाबला शुगर निघाली, आजारी माणसाला कसं सांगायचं? मग अर्बाब मक्केला उमऱ्याला जाऊन आला आणि ज्युलियसला आत बोलावून म्हणाला, "तुम्हारी अम्मा के लिए भी दुआ माँगी, काबे के सामने." आता यावर काय सांगणार? भ्याड माणसाला कारणं शोधावी लागत नाहीत. ती रुवीतल्या टॅक्सीसारखी असतात, तुम्ही नुसते कडेला उभे राहा, हॉर्न मारत येऊन थांबतात.

सुट्टीत घरी गेला की आई विचारायची, "विझा?"

"तिकडे ऊन फार असतं गं. तुला सोसणार नाही."

"ऊन मना काय नवीन हाय?"

पुढच्या खेपेला, "आता तिथं नियम कडक झालेत."

"परेराबाईची सून तर आयसकट गेली."

त्याच्या पुढच्या खेपेला तिनं विचारलं नाही. तिचे गुडघे गेले होते. ओट्यावरून अंगणात उतरायलाही कुणाचा तरी हात लागायचा. ती फक्त म्हणाली, "दुपारी झोपतात ना रे अजून दुकानं?" तो म्हणाला, "झोपतात." ती म्हणाली, "बरा हाय. म्हणजे मी काय वेगळा करत नाय. मीपन दुपारी झोपतंय." पासपोर्ट मात्र उशाखालीच होता, कोरा करकरीत.

असं करत नवीन शतक लागलं. हाय स्ट्रीटवरच्या कॅसेटच्या दुकानांत मोबाईल आले. बूथ गेले, मीटर गेले. आणि एक दिवस सकाळी, काउंटरवर गिऱ्हाईक उभं असताना, ज्युलियसच्या खिशात फोन वाजला.

"आई गेली," स्टॅन्ली म्हणाला.

ज्युलियस बाजूला झाला. "खरं सांग, स्टॅन्ली."

"खरंच सांगतोय."

"तिनं फोन करायला लावलाय का? मला बोलवायला? तसं असलं तर सांग, मी येतो. मी असाही येतो. तिला फोन दे."

पलीकडं स्टॅन्लीनं नाक ओढलं. मग म्हणाला, "उद्यापर्यंत थांबू. गरमी फार आहे."

राजीवच्या टेबलापर्यंत ज्युलियस कसा पोचला ते त्याला कळलं नाही. राजीवचेही केस आता पांढरे झाले होते. त्यानं ऐकलं, दार लोटून घेतलं आणि खुर्चीत बसला.

"आई म्हणून मागता येत नाही," तो म्हणाला. "तिच्यासाठी काबेसमोर दुआ मागून आलाय तो." त्यानं नाक चोळलं. "भाऊ म्हण. भावाला अॅक्सिडेंट. मी बोलतो अर्बाबशी."

"नाही."

"वेडेपणा करू नकोस. विमान चुकेल."

"एकीला मारून बघितलं, साहेब. आता स्टॅन्लीला नाही मारणार." आणि जी गोष्ट करायला त्याला सात वर्षं धीर झाला नव्हता ती करायला तो चालत निघाला.

अर्बाब आता काठी घेऊन बसायचा. डोळ्यांना कमी दिसायचं, कंपनी मुलगा बघायचा, म्हातारा नुसता येऊन केबिनमध्ये तसबीचे मणी ओढत बसे. पासपोर्टाचं कपाट मात्र त्याच्याच मागं होतं आणि किल्ली त्याच्याच खिशात. ज्युलियस समोर उभा राहिला. आज मान हलवायची नाही, तोंडानं बोलायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

"अर्बाब, मेरी माँ मर गई."

अर्बाबनं मान वर केली. काठी टेकत तो उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि त्यानं ज्युलियसला जवळ घेतलं.

"मालूम है बेटा," तो म्हणाला. "मालूम है."

"नहीं अर्बाब. आज मरी. आज सुबह."

"हाँ." म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "ऐसा ही होता है. मेरी भी रोज़ सुबह मरती है."

"अर्बाब, पासपोर्ट..."

"घर जाओ. आज छुट्टी. बीवी के पास बैठो, बच्ची के पास बैठो. रोना आए तो रो लो."

इथं ज्युलियसला तोंड होतं, भाषा होती, समोर भला माणूस होता. सांगायला चार वाक्यं पुरली असती. पण त्या चार वाक्यांतलं पहिलं असं होतं, की सात वर्षं तुम्ही जिच्यासाठी रडलात ती काल रात्री जेवून झोपली होती. आणि म्हातारा त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून स्वतःच्या आईसाठी रडत होता. ज्युलियसनं म्हाताऱ्याच्या पाठीवर हात ठेवला.

अर्बाबनं डोळे पुसले, ज्युलियसचा हात धरला आणि काठी टेकत त्याला बाहेर काउंटरवर आणलं. मुलगा उभा राहिला, केरळचे नवे सेल्समन उभे राहिले, गिऱ्हाईकंही वळून बघू लागली. राजीवनं मान खाली घातली.

"देखो सब लोग," अर्बाब म्हणाला. "इतने साल हो गए माँ को गए हुए, और आज भी ऐसे रोता है. इसको बोलते हैं बेटा."